चंद्रभागेच्या उगमाकडे, सायकलवरून

चंद्रभागा म्हटले की सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला दुसरी कुठली नदी आठवतच नाही. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली भीमा पंढरपूरला येता येता चंद्रकोरीसारखी वळते आणि तेवढ्या वळणापुरती चंद्रभागा होते. आषाढीला तिच्या वाळवंटात पाय ठेवायला जागा नसते. पण या देशात आणखी एक चंद्रभागा आहे. हिमाचल प्रदेशातल्या लाहौल भागात बारालाचा ला नावाची खिंड आहे. तिच्या एका अंगाने चंद्रा निघते, दुसऱ्या अंगाने भागा. दोघी डोंगराला उलटसुलट वळसे घालतात आणि तांदी नावाच्या लहानशा गावाशी एकमेकींना भेटतात. तिथून पुढे ती चंद्रभागा, आणि जम्मूकडे उतरली की तिचीच चिनाब. आपली चंद्रभागा कृष्णेच्या ओटीत पडून बंगालच्या उपसागराला जाते, ती चंद्रभागा सिंधूला मिळून अरबी समुद्राला.

गेली वीसेक वर्षे मी शाळेत भूगोल शिकवते. नकाशावर छडी ठेवून या दोन चंद्रभागा मुलांना कितीदा दाखवल्या असतील, याची मोजदाद नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये मात्र छडी फळ्याशी ठेवून आम्ही चौघे जण, म्हणजे हे, मी, बारावी होऊन प्रवेशाच्या याद्यांची वाट पाहणारी थोरली आणि आठवीतला धाकटा, सायकलवरून त्या दुसऱ्या चंद्रभागेच्या उगमाकडे गेलो. तिथून पुढे लेहपर्यंत. मनालीपासून रोहतांगमार्गे सुमारे पावणेपाचशे किलोमीटर. अंतर म्हणाल तर आळंदी ते पंढरपूर या वाटेच्या जेमतेम दुप्पट. पण वारीची वाट चढते किती आणि ही वाट चढते किती, यातच सगळे आले.

'सायकलवरून? आणि मुलांना घेऊन?' हा प्रश्न आम्हाला इतक्यांनी विचारला की शेवटी धाकटाच परस्पर उत्तर देऊ लागला, 'नाही, मुलंच आईबाबांना घेऊन चाललीत.'

पर्जन्यछायेतली माणसे

सोलापूरच्या माणसाने लडाखला जावे यात मला तरी नवल वाटत नाही. दोन्ही मुलूख पर्जन्यछायेचे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास ओततात आणि आमच्यापर्यंत येईतो रिकामे होतात. आमच्या जिल्ह्याची सरासरी पाच-साडेपाचशे मिलिमीटर. हिमालयाची भिंत सह्याद्रीपेक्षा किती तरी उंच, म्हणून तिच्या पलीकडची छायाही तितकीच कोरडी. लेहला वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बर्फ मिळून पडतो. उघडे डोंगर, पिवळी माती, आणि जिथे ओढ्याचे पाणी पोचते तेवढाच हिरवा पट्टा. मंगळवेढ्याच्या माळावरून आलेल्या माणसाला हे दृश्य अगदीच अनोळखी नसते. फक्त आपला माळ साडेचारशे मीटरवर आणि तो साडेचार हजारांवर.

डोंगरापलीकडच्या कोरड्या मुलखाची ओढही आपल्याकडे जुनी आहे. आमच्या सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि तिकडच्या रुक्ष डोंगरांत जखमींची सेवा करता करता १९४२ साली तिथेच वारले. सायकलीचे म्हणाल तर १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परतले. इराणचे डोंगर, इराकचे वाळवंट, सिनाईची वाळू हे सगळे त्यांनी त्या काळच्या बिनगिअरच्या सायकलींवर पार केले. त्यांच्यापुढे आमची सहल ती काय! शिवाय आमच्या घरात सायकल म्हणजे हौस नव्हतीच. माझे सासरे गिरणीत होते. भोंगा झाला की गल्लीतून सायकलींची रांग निघायची, ते सासूबाई अजून सांगतात. भोंगे बंद झाले, गिरण्यांच्या चिमण्या उरल्या. सासऱ्यांची काळी सायकल मात्र आमच्या जिन्याखाली अजून आहे.

तुळजापूरचा घाट

तयारीला आम्ही आठ महिने घेतले. आधी रविवारी सकाळी नान्नजपर्यंत जाऊन यायचे. मग अक्कलकोट, मग पंढरपूर, जाऊन-येऊन दोन दिवसांत. चढाचा सराव करायचा तर सोलापूरकराला एकच घाट, तुळजापूरचा. तो आम्ही इतक्यांदा चढलो की घाटातला चहावाला 'देवीचा नवस आहे का?' म्हणून विचारू लागला. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला निघून नऊच्या आत घरी यायचे, कारण त्यानंतर आमच्याकडे सायकल काय, म्हैसही रस्त्यावर उभी राहत नाही.

सायकली साध्याच घेतल्या, पण गिअरच्या. नाक्यावरच्या सायकल दुकानदाराने थोरलीला महिनाभर दर शनिवारी बसवून पंक्चर काढणे, तुटलेल्या चेनची कडी जोडणे, ब्रेकची तार बदलणे आणि वाकडे झालेले चाक आरे आवळून सरळ करणे शिकवले. पैसे घेतले नाहीत. 'परत आल्यावर सायकल मलाच धुवायला द्या, तिकडची माती बघायचीय,' एवढीच त्याची अट. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेतल्या.

खाण्याचे काय, हा प्रश्न सासूबाईंनी निकालात काढला. समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानालाच उकळते. साडेचार हजार मीटरवर ते ८५ अंशांच्या आसपास उकळू लागते, त्यामुळे डाळ-तांदूळ कुकरशिवाय शिजत नाहीत. मी हे समजावून सांगत असताना त्या म्हणाल्या, 'मग न शिजवायचं न्या की.' आणि त्यांनी शेजारणींना जमवून ज्वारीच्या कडक भाकरीची चळत आणि दोन किलो शेंगाची चटणी बांधून दिली. कडक भाकरी महिनाभर टिकते, हे सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. वजनाला हलकी, दुधात-चहात चुरून खाता येते, नुसतीही खाता येते. त्यांनी एक सोलापुरी चादरही पिशवीत कोंबली. वजन फार होईल म्हणून ह्यांनी ती दोनदा बाहेर काढली. निघायच्या दिवशी पाहतो तो ती पुन्हा आत!

त्यांची अट एकच होती. ३१ ऑगस्टला गणेश चतुर्थी, त्याच्या आत घरी यायचे. आमच्या घरचा गणपती कधी चुकलेला नाही. आम्ही हिशेब करून हो म्हणालो.

थोरलीने एक वही केली होती. तिच्या पहिल्या पानावर तिने उंचीचे नियम लिहिले होते. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर एका दिवसात झोपण्याची जागा तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम. डोके दुखत असताना वर जायचे नाही. आणि शेवटचा नियम लाल शाईने: दुखणे वाढले तर वाट पाहायची नाही, खाली उतरायचे.

रोहतांग, राखी आणि संगम

कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून बसने मनाली. सायकली सोबत. दोन दिवस मनालीत काढून १० ऑगस्टला निघालो. पहिला मुक्काम मढीला. पावसाने आणि धुक्याने आमची चांगली परीक्षा घेतली. सोलापुरात ज्या पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसायचे, तो तिथे अंगावरून हलायला तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी ३,९७८ मीटरवरचा रोहतांग. पलीकडे उतरू लागलो आणि जणू कुणी पडदा ओढावा तसा पाऊस मागे राहिला. पुढे निळे आभाळ आणि उघडे डोंगर. पर्जन्यछाया म्हणजे काय, हे मी वर्गात तासभर बोलूनही इतके नीट सांगू शकले नसते. २०२०च्या ३ ऑक्टोबरला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून लेहकडे जाणारी बरीचशी वाहने खालून जातात. त्यामुळे रोहतांगच्या माथ्यावरची सहलींची गर्दी ओलांडली की कोकसरपर्यंतचा जुना रस्ता जवळजवळ आमचाच होता.

त्या दिवशी राखीपौर्णिमा होती. कोकसरच्या ढाब्यात थोरलीने धाकट्याला राखी बांधली आणि ओवाळणी म्हणून त्याच्याकडून एक गोष्ट मागितली: तिच्या सायकलचे पुढचे पंक्चर त्याने काढायचे.

१२ ऑगस्टला दुपारी तांदीला पोचलो. चंद्रा जोरकस आणि गढूळ, भागा तिच्याहून अंगाने लहान. लाहौलची लोककथा अशी की चंद्रा ही चंद्राची मुलगी आणि भागा हा सूर्याचा मुलगा. त्यांचे एकमेकांवर प्रेम. कोण आधी पोचतो म्हणून दोघे बारालाच्यावरून वेगवेगळ्या दिशांनी निघाले आणि तांदीला भेटले. आमचे हे म्हणाले, 'म्हणजे इथे भागा पुरुष आहे.' धाकट्याने लगेच विचारले, 'मग पंढरपूरला कोण?' याला माझ्या भूगोलात उत्तर नव्हते. तांदीच्या पेट्रोल पंपावरची, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारी पाटी बरीच वर्षे प्रवाशांत प्रसिद्ध होती. आम्ही आपले कडक भाकरीचे इंधन तपासून पुढे निघालो.

केलाँगला एक दिवस विश्रांती, मग जिस्पा. १५ ऑगस्टला दारचा ओलांडून ३,८०० मीटरवरच्या पात्सिओला आलो. १६ला जेमतेम काही किलोमीटर चालवून झिंगझिंगबार, उंची ४,२७० मीटर. नाव ऐकून मुले आदल्या दिवसापासून हसत होती. तिथे गाव असे नाही. रस्त्याकडेला काही तंबू-ढाबे आणि वरून येणारे बर्फाच्या पाण्याचे ओहळ, एवढेच.

झिंगझिंगबारची रात्र

त्या संध्याकाळी धाकट्याने ताट बाजूला सारले. शेंगाची चटणी पाहून ताट सारणारा हा मुलगा नव्हे. डोके दुखते म्हणाला. दुपारपासून दुखत होते, पण सांगितले तर सगळ्यांना थांबावे लागेल म्हणून बोलला नव्हता. मग एकदा उलटी झाली, अर्ध्या तासाने दुसरी. ढाबेवाल्या बाईने लसणाचे गरम सूप दिले, तेही टिकले नाही.

यात कुणाचे काही चुकले होते असे नाही. उंचीचा त्रास कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. धट्ट्याकट्ट्या माणसाला होतो आणि अशक्त दिसणाऱ्याला होत नाही. गेल्या वेळी झाला नाही म्हणून या वेळी होणार नाही असेही नसते. मुलांना तो मोठ्यांइतकाच होतो, फक्त मुले तो उशिरा सांगतात.

हे म्हणाले, 'झोपू दे त्याला. सकाळी उतार पडेल. आत्ता अंधारात कुठे जाणार?' त्यांचेही खोटे नव्हते. दिवसभराचा थकवा, बाहेर कडाक्याची थंडी, आणि दुसऱ्या दिवशी बारालाचा. आठ महिने ज्या खिंडीसाठी घाट चढलो, ती सकाळी चार-पाच तासांवर उभी होती. परत खाली गेलो की गणपतीच्या आत लेह होणे नाही, हा हिशेब त्यांनी मनात केव्हाच केला असणार. मीही केला होता.

मी धाकट्याला तंबूत एका सरळ रेषेत, टाचेला चवडा लावून चालायला सांगितले. पहिल्यांदा चालला. तासाभराने पुन्हा सांगितले, तेव्हा तिसऱ्या पावलाला तो कलला आणि त्याने तंबूचा खांब धरला. मेंदूवर सूज येऊ लागल्याची ही खूण असू शकते. मी ह्यांच्याकडे पाहिले. त्याआधीच थोरलीने वही काढली होती. ती वडिलांना एवढेच म्हणाली, 'बाबा, लाल शाईनं काय लिहिलंय ते वाचा.'

हे काही बोलले नाहीत. बॅटरी घेऊन रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

रात्री साडेनऊच्या सुमारास लेहला माल टाकून रिकामा परतणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने एकदा धाकट्याकडे पाहिले आणि म्हणाला, 'पहले बच्चे को बिठाओ, साइकिलें बाद में.' केबिनमध्ये मी आणि धाकटा, मागे सायकलींबरोबर हे आणि थोरली. धाकट्याच्या अंगावर आजीची ती चादर. रस्ता तसा थोडाच, पण तो संपता संपत नव्हता. मी मिनिटा-मिनिटाला त्याला प्रश्न विचारत होते, गावाचे नाव, शाळेचे नाव, पाढे. बाराचा पाढा म्हणताना तो चुकला की मुळातच त्याला तो येत नाही, हेही मला समजेना! दारचा गेले, उंची नऊशे मीटरने कमी झाली. जिस्पाच्या अलीकडे तो म्हणाला, 'आई, भूक लागली.' आयुष्यात या दोन शब्दांनी मला इतका आनंद कधी दिला नव्हता.

केलाँगच्या सरकारी रुग्णालयात त्याला रात्रभर ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी सकाळी तपासून सांगितले, 'खाली आणलंत हेच खरं औषध. बाकी आम्ही फक्त मदत करतो.' ड्रायव्हर पैसे घेईना. फार आग्रह केल्यावर त्याने शेंगाच्या चटणीची एक पुडी तेवढी ठेवून घेतली.

'गणपती दर साली येतोय'

पुढचे तीन दिवस केलाँगला काढले. दुसऱ्याच दिवशी धाकटा ढाब्यात राजमा-चावल दोनदा मागून खाऊ लागला. पण आमच्यात एक अवघड शांतता होती. डॉक्टरांचे म्हणणे असे की तीन-चार दिवस काहीही त्रास झाला नाही, तर हळूहळू वर जायला हरकत नाही. पण प्रत्येक टप्पा आधीपेक्षा लहान हवा, आणि डोके पुन्हा दुखले तर तिथूनच परत. मग मार्ग तीन होते. सगळ्यांनी घरी जायचे. हे आणि थोरलीने लेह गाठायचे, मी आणि धाकट्याने परतायचे. किंवा सगळ्यांनी पुढे जायचे आणि गणपती चुकवायचा.

ह्यांनी धाकट्यालाच विचारायचे ठरवले. मी नको म्हटले. तेरा वर्षांचा मुलगा वडिलांकडे पाहून 'जाऊ या'च म्हणणार. त्याने दुपारभर डोकेदुखी लपवली ती याच स्वभावापायी. त्याच्यावर निर्णय टाकणे म्हणजे त्याला पुन्हा लपवायला सांगणे. यावर आमचे दोघांचे बरेच बोलणे झाले, आणि ते सगळेच गोड नव्हते. पण शेवटी ठरले की फुटायचे नाही. चौघे जिथवर जातील तिथवर जाणे, नाही तर चौघांनी परतणे. आणि यापुढे सगळ्यांत पुढे धाकट्याची सायकल. त्याच्या वेगाने सगळे. तो थांबला की सगळे थांबले. डोके दुखले हे सांगणाऱ्याला त्या दिवशीचा गूळ-शेंगदाण्याचा जादा वाटा!

राहिला गणपती. सासूबाईंना फोन लावायला माझाच हात धजत नव्हता. सगळे सांगून झाल्यावर त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, 'गणपती दर साली येतोय. मूर्ती मी सांगून ठेवलीया, शेजारचा पोरगा आणंल. पूजेला भटजी हायत, आरतीला गल्ली हाय. तू आधी मला सांग, पोरगं जेवतंय का?'

सूरज ताल

२१ ऑगस्टला पुन्हा निघालो. जिस्पा, मग पात्सिओला या खेपेस दोन रात्री, मग झिंगझिंगबार. ढाबेवाली बाई धाकट्याला पाहून बाहेर धावत आली. त्या रात्री मी चारदा उठून त्याला चालायला लावले. चौथ्यांदा तो वैतागून म्हणाला, 'आई, आता तू चाल.'

२५ ऑगस्टला सकाळी सूरज तालला पोचलो. चार हजार आठशे मीटरच्या वर, बर्फाच्या डोंगरांच्या ओंजळीत निळे-हिरवे पाणी. भागेचा हा उगम. त्याच्या थोडे वर बारालाच्याचा माथा, ४,८९० मीटर. लाहौल, स्पिती, झंस्कार आणि लडाख अशा चारही बाजूंच्या जुन्या वाटा या खिंडीत मिळत असत. मी चपला काढल्या आणि पाण्यात पाय घातले. ते दोन सेकंदांत बधिर झाले. आजींसाठी एका बाटलीत पाणी भरून घेतले. ह्यांनी वजनाबद्दल या वेळी अवाक्षर काढले नाही.

तिथून पुढे डोंगरी वाळवंट सुरू झाले. सरचूला हिमाचल संपून लडाख लागते. पुढे गाटा लूप्सची एकवीस वळणे. ती चढून आलेल्या माणसाला खाली पाहिले की आपणच टाकलेल्या दोरीच्या वेटोळ्यासारखा रस्ता दिसतो. वरच्या एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे. बर्फात अडकलेल्या ट्रकचा क्लीनर तिथे तहानेने मेला, त्याच्या नावाने जाणारे-येणारे पाणी ठेवतात, अशी ट्रकवाल्यांची समजूत. धाकट्याने आपल्या बाटलीतले अर्धे पाणी तिथे ओतले. मी त्याला अडवले नाही.

नकी ला ओलांडून व्हिस्की नाल्याला आलो त्या रात्री श्रावणातली अमावास्या होती. थंडी अशी की दात वाजत होते, तरी चौघेही तंबूबाहेर आलो. आकाशगंगा अशी दिसत होती की तिची सावली पडेल. शहरात वाढलेल्या मुलांनी एवढे आकाश कधी पाहिलेच नव्हते.

लाचुलुंग ला, मग पांग, आणि पांगचा चढ संपला की मोरेचे मैदान. साडेचार हजार मीटरच्या वर सुमारे चाळीस किलोमीटर जवळजवळ सपाट रस्ता. पश्मिना लोकर देणाऱ्या शेळ्या घेऊन चांगपा धनगर तिथे हिंडतात, दूरवर कियांग म्हणजे रानगाढवांचे कळप दिसतात. सपाट म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही, कारण दुपारनंतर समोरून वारा सुटतो आणि उतारावरही पायडल मारावे लागते. अशा वेळी ह्यांनी पुढे होऊन वारा अडवावा, मागे बाकीच्यांनी यावे, असे कुणीही सुचवील. पण नियम म्हणजे नियम. धाकटा पुढे, आणि वाऱ्याच्या बाजूला त्याच्या शेजारी हे. तासाला सहा-सात किलोमीटर असे आम्ही ते मैदान पार केले. आपले वडील आपल्या वेगाने चालू शकतात, हे त्याने बहुधा त्या दिवशी प्रथम पाहिले.

३० ऑगस्टला तांगलांग ला, ५,३२८ मीटर. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा. शेवटचे चार किलोमीटर आम्ही शंभर पावले चालायचे, थांबायचे, दहा श्वास मोजायचे, असे सायकली ढकलत गेलो. माथ्यावर पताका फडफडत होत्या. फोटो काढले आणि दहा मिनिटांत खाली निघालो. अशा ठिकाणी रेंगाळायचे नसते. उतरून रुमत्सेला आलो तेव्हा कित्येक दिवसांनी शेत दिसले. कापणीला आलेले पिवळे सातू, कडेला पाण्याचा पाट आणि पाटावर भांडी घासणारी बाई. ते पाहून थोरलीच्या डोळ्यांत पाणी आले. का, ते तिला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी उपशीला सिंधू भेटली. तिच्या काठाकाठाने ठिकसे, शे हे मठ पाहत संध्याकाळी लेह गाठले. त्या दिवशी चतुर्थी होती. फोनवर घरची आरती दिसली. गल्लीतली दहा-बारा पोरे, मध्ये सासूबाई, आणि गणपतीच्या शेजारी भिंतीला टेकवून उभी केलेली सासऱ्यांची काळी सायकल. ती तिथे कुणी आणली, हे कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

खर्दुंग ला करायचा, हा ह्यांचा मूळ बेत. लेहपासून चाळीसेक किलोमीटर चढ. दोन दिवस काढले असते तर जमलाही असता. पण हेच म्हणाले, 'राहू दे.' आम्ही विमानाने दिल्लीला आणि तिथून अनंत चतुर्दशीच्या आधी घरी आलो.

तेव्हापासून पुष्कळ पालक विचारतात, मुलांना घेऊन असे जावे का? मी म्हणते, जरूर जा, पण हाताशी दिवस राखून जा. परतीच्या तारखेने गळा आवळला की लाल शाई दिसत नाही. उंचीच्या प्रवासात पाच दिवस फुकट गेले तरी चालतील एवढी सवड नसेल, तर तुळजापूरचा घाट काही वाईट नाही. गाडीने मनालीहून दोन दिवसांत लेहला नेणाऱ्या सहलींत तर शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. सायकलचा हा एक मोठा गुण, की ती माणसाला घाई करू देत नाही.

सूरज तालच्या पाण्याची ती बाटली सासूबाईंनी कार्तिकीला पंढरपूरला नेली आणि आपल्या चंद्रभागेत रिकामी केली. सायकल दुकानदाराने चारही सायकली धुतल्या, आणि निघालेली माती एका डबीत भरून दुकानातल्या फळीवर ठेवली आहे. कुणी विचारले की तो तिचा पत्ता मोठ्या ऐटीत सांगतो.